पाच रविवारांचा वाइन अभ्यासक्रम: भाच्याबरोबर मामाही विद्यार्थी

माझ्या भाच्याने हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घेतली, त्याच महिन्यात त्याच्या फोनवर एक जाहिरात आली. 'आशियातील वाढत्या वाइन उद्योगात करिअर करा' असे तिचे शीर्षक होते. चित्रात पेला नाकाशी धरून डोळे मिटलेला एक कोटधारी तरुण होता आणि त्याखाली सिंगापूर, हाँगकाँग, दुबई, शांघाय अशी शहरांची नावे एसटीच्या पाटीवर असावीत तशी ओळीने लिहिली होती. अभ्यासक्रम पुण्यातच, पाच रविवारांचा. शुल्क परीक्षेसह पन्नास हजारांच्या थोडे पुढे. आमचे दाजी जुन्नर तालुक्यातील द्राक्ष बागायतदार असल्यामुळे पन्नास हजार म्हणजे किती फवारण्या, हा हिशेब त्यांच्या डोक्यात आपोआप होतो. त्यांनी मला फोन केला. "तुम्ही आयात-निर्यातीच्या कागदांत असता, तुम्हीच बघा हे काय प्रकरण आहे. पोरगं हुरळून गेलंय." खात्री करून घ्यायची तर स्वतः वर्गात बसण्याइतका चांगला मार्ग नाही, असे ठरवून मी भाच्याबरोबर माझेही नाव घातले. त्यामुळे हे परीक्षण दोन विद्यार्थ्यांच्या अनुभवावर उभे आहे. त्यांपैकी एक तेवीस वर्षांचा आणि नोकरीच्या शोधात असलेला, तर दुसरा एकोणपन्नास वर्षांचा, मालवाहतुकीच्या कागदपत्रांत पंचवीस वर्षे घालवलेला आणि त्या रविवारपर्यंत वाइनच्या बाबतीत जवळजवळ निरक्षर असा होता.

संस्थेचे नाव मी देत नाही. पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्या एका वर्गाच्या, एका बॅचच्या आहेत. शिवाय नाव बदलले तरी अशा अभ्यासक्रमांचा गाभा साधारण तोच राहतो, कारण तो पुण्यात तयार झालेलाच नसतो. लंडनची वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्ट ही 1969 मध्ये स्थापन झालेली संस्था चार पातळ्यांचा अभ्यासक्रम चालवते, तिला व्यवसायात सगळे 'डब्ल्यूएसईटी' म्हणूनच ओळखतात, आणि जगभरातील मान्यताप्राप्त वर्ग तिचीच पुस्तके शिकवून तिचीच परीक्षा घेतात. आम्ही बसलो तो दुसऱ्या पातळीचा वर्ग होता. त्याला पहिल्या पातळीची अट नाही. एकूण किमान 28 तासांचा अभ्यास, त्यांतील 16 तास वर्गात, शेवटी 50 बहुपर्यायी प्रश्न, वेळ एक तास आणि उत्तीर्ण होण्यासाठी 55 टक्के गुण, अशी त्याची मांडणी आहे. या परीक्षेत चव घेऊन दाखवावी लागत नाही, ही गोष्ट शुल्क भरण्यापूर्वी प्रत्येकाने नीट समजून घ्यावी. समोर पेला ठेवून 'हे काय आहे ते सांगा' असे विचारण्यास तिसऱ्या पातळीपासून सुरुवात होते. म्हणजे दुसऱ्या पातळीचे प्रमाणपत्र आणि त्याबरोबर मिळणारा कोटाला लावायचा छोटा बिल्ला यांतून तुमची स्मरणशक्ती सिद्ध होते, नाक नव्हे. जाहिरातीतील तरुणाचे डोळे मात्र नाकामुळेच मिटलेले होते.

वर्गात आम्ही सोळा जण होतो. त्यांत पंचतारांकित हॉटेलांतील चार-पाच वाढपी आणि कॅप्टन, दोन आयटीवाले, एक निवृत्त बँक अधिकारी, एका वाइन शॉपमालकाची मुलगी आणि उरलेले भाच्यासारखे नवपदवीधर. प्रत्येकासमोर सहा पेले, पांढरा कागद, पाण्याची बाटली आणि थुंकण्यासाठी एक स्टीलचे भांडे. हे भांडे पाहून पहिल्या दिवशी सगळेच अवघडले. चारचौघांत थुंकू नये हे लहानपणापासून अंगात मुरलेले असते आणि इथे तर दामदुप्पट किमतीची वस्तू थुंकायची. शिकवणारे सर बरीच वर्षे गोव्यातील हॉटेलांत काढून आलेले होते. त्यांनी पहिला अर्धा तास केवळ पाणी तोंडात घेऊन नीट धार धरून थुंकण्याचा सराव करवून घेतला. तो हास्यास्पद वाटला खरा. पण पुढच्या चार रविवारी सहा-सात प्रकार चाखूनही प्रत्येक जण शुद्धीत आणि स्वतःच्या पायांवर घरी गेला, याचे श्रेय त्या अर्ध्या तासाला आहे. ज्याला या धंद्यात पडायचे आहे त्याने हे कौशल्य सर्वांत आधी कमवावे, असे ते म्हणाले आणि ते मला पूर्ण पटले.

शिकवण्याची पद्धत हा या अभ्यासक्रमाचा सर्वांत भक्कम भाग आहे. रंग, वास, चव आणि निष्कर्ष या ठरावीक क्रमाने प्रत्येक पेल्याकडे जायचे, आवडले की नाही हे शेवटपर्यंत बोलायचे नाही. आंबटपणा मोजण्याची सरांची युक्ती मला विशेष आवडली: घोट थुंकून झाल्यावर मान खाली घालून तोंड किंचित उघडे ठेवायचे आणि लाळ किती सुटते ते पाहायचे. जितकी लाळ अधिक तितके आम्ल अधिक. साखर आम्लाला झाकून टाकते, त्यामुळे जीभ फसते. लाळ फसत नाही. तांबड्या वाइनमधील टॅनिन समजावताना पुस्तकात हिरड्या कोरड्या पडण्याचे लांबलचक वर्णन आहे. आमच्या वर्गात ते एका शब्दात आटोपले, कारण मराठीत 'तुरट' ही एक स्वतंत्र चव आहे, षड्रसांतील एक आहे आणि सुपारी चघळलेल्या किंवा कच्चे जांभूळ खाल्लेल्या कोणालाही ती शिकवावी लागत नाही.

पण हाच भाषेचा फायदा एका ठिकाणी अंगाशी आला. दुसऱ्या रविवारी सोव्हिन्यॉ ब्लाँ या द्राक्षाची पांढरी वाइन चाखताना सरांनी वासांची छापील यादी दिली. तिच्यात 'गूजबेरी' होते. निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी शब्दकोशाच्या भरवशावर 'आवळा' असे वहीत लिहिले आणि पंधरा मिनिटे त्या पेल्यात आवळा हुंगत राहिले. सरांनी समजावले की युरोपातील गूजबेरी हे वेगळ्याच झुडपाचे फळ आहे, आवळ्याशी त्याचे नाते नाही, आणि आवळ्याचा तुरटपणा त्यात शोधायला गेलात तर फजिती होईल. मग त्यांनी विचारले, "नाव सोडा. तुम्हाला खरोखर कसला वास येतोय?" भाचा म्हणाला, "सर, हिरव्या मिरचीचं देठ मोडल्यावर येतो तसा." सरांनी टेबलावर थाप मारली. या द्राक्षात आणि ढोबळ्या मिरचीत पायराझिन नावाच्या वर्गातील तीच संयुगे असतात. पोराने पुस्तकात न पाहता ते पकडले होते. त्या दिवसापासून आमच्या वह्यांत दोन रकाने झाले: एकात छापील शब्द, दुसऱ्यात करवंद, पेरूची साल, भिजलेली माती, नवा गूळ. शिक्षक म्हणून या माणसाला मी पूर्ण गुण देईन. मात्र परीक्षा पहिल्याच रकान्यावर होते, हेही ते स्पष्टपणे सांगत असत. हा अभ्यासक्रम चिनी, जपानी, कोरियन भाषांत उपलब्ध आहे. मराठीत नाही, आणि ज्याचे इंग्रजी वाचन कच्चे आहे त्याला पुस्तकाचा वेग झेपणार नाही.

आता तक्रारी. पुस्तके वर्गाच्या दोन आठवडे आधी घरी येतील असे सांगितले होते. ती पहिल्या रविवारी सकाळी वर्गातच हाती पडली. तिसऱ्या रविवारी इमारतीची वीज दोन तास गेली, शीतकपाट बंद पडले आणि तीन पांढऱ्या वाइन कोमट अवस्थेत पुढ्यात आल्या. कोमट झाल्यावर पांढऱ्या वाइनमधील अल्कोहोल नाकात चढते आणि ताजेपणा हरवतो. तोच धडा त्या दिवशी शिकवला गेला असता तर अपघाताचे सोने झाले असते, पण सरांऐवजी त्या दिवशी आलेल्या बदली शिक्षकांनी यादी पूर्ण करण्याची घाई केली. पेल्यांना लिंबाच्या साबणाचा वास येत होता, एकदा नव्हे, दोन वेळा. ज्या वर्गात वास ओळखायला शिकवतात तिथे पेले गरम पाण्याने नुसते धुवावेत, एवढी अपेक्षा गैर नाही. निकालासाठी सांगितलेल्या मुदतीपेक्षा तीन आठवडे जास्त लागले आणि त्या काळात कार्यालयाने फोन उचलण्यात कुचराई केली.

यादीतील दोन फ्रेंच बाटल्यांच्या जागी ऐनवेळी स्वस्तातल्या बाटल्या आल्या, त्यावर मात्र वर्गातील आयटीवाल्यांइतका मी चिडलो नाही, कारण त्यामागचे गणित माझ्या रोजच्या टेबलावरचे आहे. परदेशी वाइनवर आपल्याकडे 150 टक्के सीमाशुल्क लागत आले आहे. त्यावर राज्याचे उत्पादन शुल्क, लेबलची दरवर्षीची नोंदणी, घाऊक आणि किरकोळ विक्रेत्याची टक्केवारी चढते, आणि न्हावाशेवा बंदरात उतरताना किरकोळ वाटणारी बाटली पुण्यातील दुकानात चैनीची वस्तू होते. ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार 29 डिसेंबर 2022 पासून लागू झाला, तेव्हा पाच डॉलरपेक्षा महाग बाटलीवरील शुल्क 100 टक्क्यांवर आणि पंधरा डॉलरपेक्षा महाग बाटलीवरील 75 टक्क्यांवर आले, आणि दहा वर्षांत ते अनुक्रमे 50 आणि 25 टक्क्यांपर्यंत उतरायचे आहे. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे, कारण ज्या 'करिअर'च्या नावाने हा अभ्यासक्रम विकला जातो त्याची खरी नाडी या आकड्यांत आहे आणि पाच रविवारांत त्यांचा उल्लेख एकदाही झाला नाही.

करिअरवरचे सत्र शेवटच्या रविवारी जेवणानंतर होते. पस्तीस मिनिटांची ध्वनिचित्रफीत लावली गेली. आशियात मध्यमवर्ग वाढतो आहे, तो वाइनकडे वळतो आहे, म्हणून संधीच संधी आहेत, असा तिचा सूर. प्रश्नोत्तरांसाठी पाच मिनिटे ठेवली होती, ती फोटो काढण्यात गेली. एवढ्या शुल्कात, आणि तेही जाहिरातीच्या मुख्य वचनावर, पस्तीस मिनिटे ही फसवणूक नसली तरी हातचलाखी नक्कीच आहे. म्हणून त्या चित्रफितीत जे नव्हते आणि माझ्या भाच्याला मी नंतर घरी बसून जे सांगितले, ते इथे लिहितो.

पहिली गोष्ट अशी की आशिया ही एक बाजारपेठ नाही. हाँगकाँगने फेब्रुवारी 2008 मध्ये वाइनवरील शुल्क शून्यावर आणले आणि काही वर्षांतच ते शहर जुन्या, महागड्या बाटल्यांच्या लिलावांचे जागतिक केंद्र झाले. तिथल्या नोकऱ्या गोदामाच्या, लिलावाच्या, धनिकांचे वाइनचे तळघर सांभाळण्याच्या आहेत आणि त्यांना दुसरी पातळी पुरत नाही, शिवाय कँटोनीज किंवा मँडरिन यायला हवी. चीनच्या आकर्षक आलेखाचा चित्रफितीत उल्लेख होता, पण 2018 नंतर तिथला वाइनचा खप वर्षामागून वर्ष घसरत गेला, हे त्यात नव्हते. ऑस्ट्रेलियन वाइनवर चीनने 2021 मध्ये 218 टक्क्यांपर्यंत शुल्क लावले आणि मार्च 2024 मध्ये ते काढले. मधल्या तीन वर्षांत त्या व्यापारावर पोट असलेल्यांचे काय झाले असेल याची कल्पना द्राक्ष किंवा कांदा निर्यात करणाऱ्या कोणत्याही मराठी माणसाला करता येईल. तरीही निंगशियासारख्या प्रांतात बागा आहेत, वायनऱ्या म्हणजे वाइनचे कारखाने आहेत, आणि हिवाळ्यात थंडीने वेल मरू नये म्हणून तो दरवर्षी मातीखाली पुरून वसंतात पुन्हा उकरून काढतात. दाजींना हे सांगितले तेव्हा त्यांनी मजुरी किती पडते हाच पहिला प्रश्न विचारला, आणि तिथल्या वायनऱ्यांची दुखरी नस नेमकी तीच आहे.

दुबईचा रस्ता आपल्या मुलांच्या ओळखीचा आहे. तिथे मद्यावरील 30 टक्के कर जानेवारी 2023 मध्ये उठवला गेला आणि जानेवारी 2025 मध्ये पुन्हा लागला, तरी हॉटेलांतील मागणी टिकून आहे. दुसऱ्या पातळीचा बिल्ला खरोखर उपयोगी पडतो तो इथे आणि सिंगापूरला: वाढप्याचा कॅप्टन होताना, कॅप्टनचा सॉमेलिए, म्हणजे पाहुण्यांना वाइन सुचवणारा जाणकार, होताना. आमच्या वर्गातील हॉटेलवाल्यांपैकी तिघांचे शुल्क त्यांच्या मालकांनी भरले होते. पगारवाढीची पायरी म्हणून ते आले होते, आणि सोळा जणांत आपण इथे का आलो आहोत हे पक्के ठाऊक असलेले तेवढेच होते.

आणखी वर चढणाऱ्यांची वाट लांबची आहे. 'मास्टर ऑफ वाइन' ही लंडनच्या संस्थेची पदवी आशियाई व्यक्तीला पहिल्यांदा मिळाली ती 2008 मध्ये, हाँगकाँगस्थित जीनी चो ली यांना. भारतातून ती पहिल्यांदा मिळवली 2016 मध्ये सोनल हॉलंड यांनी. ही नावे चित्रफितीत होती आणि असायलाच हवीत, पण त्यांच्यामागे अनेक वर्षांचा अभ्यास आणि खर्च उभा आहे हे पाच रविवारांच्या जाहिरातीत त्यांचा फोटो लावताना सांगितले पाहिजे.

मला सर्वांत खटकले ते हे की पुण्यात बसून चाललेल्या या वर्गात पुण्याच्या शेजारचे काहीच नव्हते. नाशिकचा उल्लेख अर्ध्या पानात संपला. नारायणगावला 1980 च्या दशकात फ्रेंच तंत्राने फसफसती वाइन तयार होऊन ती परदेशी गेली, अकलूजच्या बाजूला माळरानावर इटालियन तज्ज्ञांच्या हातून बागा उभ्या राहिल्या, राज्याने 2001 मध्ये द्राक्षप्रक्रियेचे स्वतंत्र धोरण आणले, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले, यांपैकी एकही गोष्ट आली नाही. 2008 नंतरच्या मंदीत उठाव संपल्यामुळे अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या जातींच्या बागा उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली, तेही आले नाही. तो इतिहास ठाऊक नसलेल्याने या उद्योगात 'वाढ' हा शब्द वापरू नये. दाजींना तो ठाऊक आहे, म्हणूनच त्यांनी मला फोन केला होता.

चौथ्या रविवारचा एक प्रसंग सांगतो. बदली शिक्षक पुस्तकातील वेलीचे वर्ष शिकवत होते: हिवाळ्यात वेल झोपते, वसंतात फुटते, शरद ऋतूत द्राक्षे काढतात. भाच्याने हात वर केला. "सर, आमच्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि मग डोळे एकसारखे फुटावेत म्हणून प्रत्येक डोळ्याला पेस्ट लावतो. वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये काढतात." शिक्षक क्षणभर थांबले आणि म्हणाले, परीक्षेत पुस्तकातलेच लिही. उत्तर व्यवहाराचे होते, चूकही नव्हते, पण वर्ग तिथे एक मोठी संधी हुकला. वर्षातून दोनदा छाटणी, हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट, सदाहरित राहू पाहणारी वेल या गोष्टी उष्ण प्रदेशातील द्राक्षशेतीचा पाया आहेत, आणि आशियातील नव्या वाइनचा बराच भाग उष्ण प्रदेशातच घडतो आहे. थायलंडच्या खाओ याईमध्ये ग्रॅनमॉन्टे या घरच्या वायनरीत निक्की लोहितनवी या ऑस्ट्रेलियात शिकून आलेल्या तरुणीने हेच प्रश्न सोडवत नाव कमावले; बालीतील हॅटन ही वायनरी 1994 पासून अशा हवेत काम करते आहे जिथे वर्षभर द्राक्षे निघतात. तिथे फ्रान्समधील बोर्दोच्या पुस्तकापेक्षा जुन्नरच्या बागेत वाढलेल्या मुलाची नजर अधिक कामाची ठरू शकते. शांघायच्या पाटीपेक्षा मला ही शक्यता खरी वाटते.

अर्थात, बागेत वाढला म्हणजे वाइनची द्राक्षे कळली असे नाही, हेही मला याच निमित्ताने उमगले. दाजींचे सारे कसब मणी फुगवण्यात आहे: जीए या वाढ-संजीवकाच्या बुडवण्या, विरळणी, साल पातळ, बी नको. वाइनला मणी बारीक हवा, साल जाड हवी, बी असावेच, आणि खाण्याच्या द्राक्षाची काढणी ज्या गोडीला होते तिच्याही बरेच पुढे, 21 ते 24 ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स हे रसातील साखरेचे माप) थांबावे लागते. तेवढ्या दिवसांत भुरी हा बुरशीचा रोग आला किंवा अवकाळी पाऊस पडला तर सारे ओमफस. दाजी ऐकून म्हणाले, "म्हणजे मी जे तीस वर्षं केलं त्याच्या बरोबर उलटं." साधारणतः तसेच आहे.

ज्यांना पेल्याच्या या बाजूला नव्हे, टाकीच्या त्या बाजूला उभे राहायचे आहे, त्यांच्यासाठी पुण्यातच दुसरा पत्ता आहे. हडपसरच्या पुढे मांजरीला 1997 मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, आणि मांजरीतच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन, ब्रुइंग आणि अल्कोहोल तंत्रज्ञानातील एम.एस्सी. शिकवतात. सूक्ष्मजीवशास्त्र किंवा रसायनशास्त्राची पदवी असलेल्या मुलाने पन्नास हजार रुपये चव घेण्यात घालण्याआधी तिथे एक फेरी मारावी. तिथे कोटातला तरुण दिसणार नाही. पण वाइन तयार करणारा तंत्रज्ञ त्या वाटेने होतो.

या कामांचा तिसरा एक कप्पा आहे, परवाने आणि कागदपत्रांचा, आणि तो माझ्या ओळखीचा असल्यामुळे मी त्याच्याकडे अधिक आशेने पाहतो. प्रत्येक राज्याचे उत्पादन शुल्काचे नियम वेगळे, लेबलची नोंदणी वेगळी, परवाने वेगळे. त्यात अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मद्यविषयक नियम 1 एप्रिल 2019 पासून लागू झाले आणि लेबलवर काय छापायचे ते बारकाईने ठरले. टीव्हीवर मद्याची जाहिरात करता येत नाही, म्हणून विक्रीचा भार हॉटेलातील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर, चाखण्याच्या कार्यक्रमांवर आणि बागेतील पर्यटनावर पडतो. नाशिकच्या सुला या वाइन कंपनीने चाखण्याचे दालन आणि मुक्कामाची सोय या वाटेने किती मजल मारली ते सर्वांनी पाहिले. डिसेंबर 2022 मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली. ज्याला चव कळते आणि कागदही कळतात असा माणूस या धंद्यात दुर्मीळ आहे. आयात करणाऱ्या कंपन्यांची माणसे आमच्या कार्यालयात येतात, त्यांना रीफर म्हणजे शीत कंटेनरचे तापमान आणि लेबलवरचा मजकूर या दोन्हींवर एकाच वाक्यात बोलणारा कोणी हवा असतो.

ताईचा प्रश्न वेगळाच होता. "उद्या स्थळं बघायची वेळ आली की बायोडाट्यात काय लिहायचं? दारूचा कोर्स केलाय म्हणून?" जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याच्या राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयावरून जो गदारोळ झाला, तो आठवला की ताईला एकटीला हसण्याचे कारण नाही. आपल्याकडे दरडोई वाइनचा वर्षाचा खप एका पेल्याइतकाही भरत नाही. इतक्या लहान बाजारात नोकऱ्या मोजक्याच असणार, आणि घरच्यांचा धीर हादेखील त्या गुंतवणुकीचा भाग असतो. मी ताईला 'पेय व्यवस्थापन' लिही म्हणालो. ती अजून साशंक आहे.

मग पैसे वसूल झाले का? हॉटेलच्या सेवेत असलेल्या, दोन-तीन वर्षांचा अनुभव असलेल्या आणि मालक शुल्काचा वाटा उचलणार असलेल्या माणसाला मी हा अभ्यासक्रम निःशंक सुचवीन. केवळ हौस म्हणून करणाऱ्यालाही सुचवीन, कारण सरांच्या हाताखालचे ते तीन रविवार मला खरोखर आवडले आणि आता चहाचा कपसुद्धा मी आधी हुंगतो. नवपदवीधराने मात्र आधी एक हंगाम कुठे तरी काम करावे आणि मग यावे. पैसे भरण्यापूर्वी तिन्ही गोष्टी लेखी मागाव्यात: सगळे वर्ग कोण शिकवणार, कोणत्या बाटल्या उघडणार, आणि मागच्या बॅचमधील किती जणांना कुठे काम लागले. शेवटच्या प्रश्नावर आमच्या संस्थेने हसून विषय बदलला होता; तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.

आम्ही दोघेही उत्तीर्ण झालो. भाच्याला माझ्यापेक्षा सात गुण अधिक पडले. बिल्ला त्याने कपाटात ठेवला आणि जानेवारीत दिंडोरी तालुक्यातील एका वायनरीत हंगामी कामाला लागला. आपल्याकडची तोडणी मार्चपर्यंत आटोपते, युरोपातील ऑगस्टनंतर सुरू होते, त्यामुळे एकाच वर्षात दोन देशांत दोन हंगाम करता येतात, हे त्याला वर्गात नव्हे, तिथल्या टाकीवरच्या सहकाऱ्याकडून कळले. पहिल्या आठवड्यात त्याने घरी फोटो पाठवला: गुडघ्यापर्यंत गमबूट, हातात जाड नळी, समोर स्टीलची उंच टाकी, आणि तो ती आतून धुतो आहे. दिवसातले सहा तास नुसती धुलाईच चालते, असे त्याने खाली लिहिले होते. दाजींनी चष्मा वर करून फोटो बराच वेळ पाहिला आणि त्याला फोन लावून विचारले, "एवढं पाणी आणतात कुठनं रे? बोअर आहे का धरणाचं?"